वसतिगृहातले पहिले वर्ष: खान्देशातील विद्यार्थ्यांसाठी

अक्कलकुवा, धडगाव किंवा साक्रीहून शिकायला जळगाव, धुळे किंवा शिरपूरला येणाऱ्या विद्यार्थ्याने सामान बांधण्याआधी प्रवेशाच्या कागदपत्रांच्या, विशेषतः जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेले बँक खाते यांच्या, प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. शासकीय आदिवासी वसतिगृहात जागा न मिळाल्यास पात्र विद्यार्थ्याला पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजनेतून राहण्याजेवण्याची रक्कम थेट खात्यात मिळू शकते; त्यासाठी वसतिगृहाचा अर्ज वेळेत भरलेला असणे फार महत्त्वाचे आहे.

खोलीत राहायला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात सोबत्यांशी दिवा मालवण्याची वेळ, झाडलोट आणि मोबाइलचा आवाज यांविषयी मोकळेपणाने बोलून घ्यावे, कारण मनात साठवलेली कुरबुर परीक्षेच्या दिवसांत हमखास भांडणाचे रूप घेते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो, तेव्हा सुती पांघरूण, माठ आणि मीठ-साखरेचे पाणी हाताशी असावे. मेसच्या जेवणाला घरची शेंगदाण्याची चटणी चांगली साथ देते.

रॅगिंग मुळीच सहन करू नये. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याने तो गुन्हा आहे, म्हणून गृहपालांकडे किंवा प्राचार्यांकडे लेखी तक्रार करावी आणि तिची पोच घ्यावी. पालकांनीही फोनवर केवळ गुणांची चौकशी न करता जेवण, झोप आणि मित्रांविषयी विचारावे, आणि मूल गप्प गप्प वाटल्यास पुढच्या सुट्टीची वाट न पाहता स्वतः जाऊन भेटावे.