आतली व्हॅल्यू बाहेर काढताना: ऑटोमेशनमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

हिंजवडी किंवा खराडीच्या कंपन्यांत इन्फ्रा ऑटोमेशनच्या टीममध्ये रुजू होणारी बहुतेक मुले-मुली लिनक्स, पायथॉन आणि थोडेफार अ‍ॅन्सिबल (अनेक सर्व्हरांची कामे आपोआप करून घेणारे साधन) शिकून आलेली असतात. प्लेबुक, म्हणजे टास्कची (एकेका कामाची) यादी असलेली फाइल, लिहिणे त्यांना जमते आणि ते चालतेही. अडते ते त्यानंतर, म्हणजे एका टास्कने परत दिलेल्या जेसनमधून (नाव आणि व्हॅल्यूच्या रूपात मांडलेल्या डेटामधून) हवा तेवढाच आयपी पत्ता किंवा पोर्ट उचलून पुढच्या टास्कला देताना. अशा नवोदितांना काम शिकवताना माझ्या लक्षात आले, की त्यांना सिंटॅक्स येत नसतो असे नाही; डेटाचा आकार न पाहताच ते अंदाजाने कंस आणि टिंबे बदलत राहतात.

म्हणून पहिले काम म्हणजे डीबग मॉड्यूल (व्हेरिएबल छापून दाखवणारा तयार घटक) वापरून संपूर्ण व्हेरिएबल छापून घेणे आणि बाहेरून आत येताना प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारणे: येथे डिक्शनरी आहे की लिस्ट? डिक्शनरीत (नाव आणि व्हॅल्यूच्या जोड्यांमध्ये) कीच्या, म्हणजे त्या जोडीतील नावाच्या, आधारे उतरायचे असते, लिस्टमध्ये (क्रमाने ठेवलेल्या घटकांमध्ये) क्रमांकाने किंवा निवडीने. शंका असेल तर टाइप-डीबग नावाचा फिल्टर (व्हॅल्यूवर लावायचे छोटे फंक्शन) तिचा प्रकार सांगून टाकतो. तोच टास्क लूपमध्ये घातला, की रजिस्टर केलेल्या (टास्कचा निकाल साठवणाऱ्या) व्हेरिएबलचा आकार बदलतो: एरवी थेट मिळणारे स्टडआउट (कमांडने छापलेला मजकूर) आता रिझल्ट्स नावाच्या लिस्टमधील प्रत्येक घटकाच्या आत जाते. कमांड किंवा शेल मॉड्यूलचे आउटपुट डोळ्यांना कितीही जेसनसारखे दिसले, तरी स्टडआउटमध्ये तो साधा मजकूरच असतो आणि फ्रॉम-जेसन फिल्टरमधून काढल्याखेरीज त्यात उतरता येत नाही. व्हेन अटीमुळे टास्क वगळला गेला, तरी व्हेरिएबल तयार होतेच, फक्त त्यात स्टडआउट नसते. त्यामुळे व्हेरिएबल अस्तित्वात आहे एवढ्या तपासणीवर विसंबणे पुरेसे ठरत नाही.

आत उतरताना कीच्या नावाआधी टिंब वापरावे की नाव चौकोनी कंसात लिहावे, याबद्दल माझे मत कंसाच्या बाजूचे आहे. कीच्या नावात हायफन असेल तर टिंबानंतर तो वजाबाकीचे चिन्ह समजला जातो, आणि कीचे नाव आयटम्स, कीज किंवा व्हॅल्यूज असेल तर टिंबामुळे हाती येते ती पायथॉन डिक्शनरीची त्याच नावाची मेथड.

खरी काळजी घ्यावी लागते ती लिस्टमध्ये. एडब्ल्यूएसच्या (अमेझॉनच्या क्लाउडच्या) कमांडने इन्स्टन्सची (क्लाउडमधील मशीनची) माहिती मागवली, तर बाहेर रिझर्व्हेशन्सची (एकत्र सुरू केलेल्या मशीनच्या गटांची) लिस्ट येते आणि प्रत्येक रिझर्व्हेशनच्या आत इन्स्टन्सेसची आणखी एक लिस्ट असते. चाचणीच्या खात्यात एकच मशीन असल्यामुळे दोन्हीकडे शून्य क्रमांक (म्हणजे पहिला घटक) लिहून काम भागते, आणि हेच स्क्रिप्ट प्रॉडक्शनवर गेल्यावर कोणतीही तक्रार न करता भलत्याच मशीनचा पत्ता देते. स्वारगेटला पाटी न वाचता रांगेतली तिसरी बस पकडण्यासारखाच हा प्रकार आहे. त्याऐवजी सिलेक्टअ‍ॅटर फिल्टरने नाव, टॅग किंवा स्थितीवरून घटक निवडावा, मॅपने त्यातील हवा तो गुणधर्म घ्यावा आणि नेमके किती घटक हाती आले ते असर्टने (अट पाळली नाही तर थांबवणाऱ्या मॉड्यूलने) तपासून मगच पहिला उचलावा.

जेथे दोन-तीन लिस्ट एकमेकींच्या पोटात असतात, तेथे जेसन-क्वेरी सोयीची पडते. हा फिल्टर कम्युनिटी-जनरल कलेक्शनमध्ये (वेगळ्या जोडसंचात) आहे आणि त्यासाठी कंट्रोल नोडवर (जेथून प्लेबुक चालवतो त्या मशीनवर) जेम्सपाथ या जेसनमधून डेटा निवडण्याच्या भाषेची लायब्ररी बसवलेली असावी लागते. एडब्ल्यूएस सीएलआयच्या (कमांड-लाइन साधनाच्या) क्वेरी पर्यायातही हीच भाषा चालते, त्यामुळे एकदा शिकलेले दोनदा उपयोगी पडते. येथील एक खोच मात्र अनेकांचा दिवस खाते. जेम्सपाथमध्ये दुहेरी अवतरणातील शब्द म्हणजे कीचे नाव, तर एकेरी अवतरणातील शब्द म्हणजे मजकूर. स्थिती 'रनिंग' आहे का हे दुहेरी अवतरणात विचारले, तर ती भाषा रनिंग नावाची की शोधते, ती सापडत नाही आणि कोणतीही एरर न देता रिकामी लिस्ट परत येते.

आता व्हॅल्यू नसेल तर पर्यायी व्हॅल्यू देणाऱ्या डिफॉल्ट फिल्टरबद्दल. अ‍ॅन्सिबलच्या २०१९ मधील २.८ आवृत्तीपासून मधली एखादी की नसली तरी साखळीच्या शेवटी लावलेला डिफॉल्ट काम करतो, आणि ही सोय चांगलीच आहे. परंतु की आहे आणि तिची व्हॅल्यू नल (‘काहीच नाही’) आहे, अशा वेळी साधा डिफॉल्ट लागू होत नाही. त्याला दुसरा आर्ग्युमेंट ट्रू दिला तर नल झाकला जातो खरा, पण त्याबरोबर शून्य, फॉल्स आणि रिकामा मजकूरही बदलला जातो. पर्यायी व्हॅल्यू ट्रू असेल, तर मुद्दाम फॉल्स ठेवलेले सेटिंग अशा रीतीने ट्रू होऊन बसते. पायथॉनच्या गेटमध्येही (डिक्शनरीतून व्हॅल्यू काढणाऱ्या मेथडमध्ये) पहिला धोका तसाच आहे: रिकामी डिक्शनरी पर्याय म्हणून दिली, तरी की नल व्हॅल्यूसह हजर असेल तर नन (पायथॉनमधील नल) हाती येतो आणि पुढचा गेट कोसळतो. जी व्हॅल्यू नसेल तर काम थांबलेच पाहिजे, तिला डिफॉल्ट लावू नये, या मताचा मी आहे. डेटाबेसचा पत्ता सापडला नाही म्हणून लोकलहोस्ट (म्हणजे तेच मशीन) गृहीत धरणारे प्लेबुक मला एरर देऊन थांबणाऱ्या प्लेबुकपेक्षा अधिक धोकादायक वाटते.

सरावासाठी क्लाउडचे खाते किंवा महागडा कोर्स लागत नाही. स्वतःच्या लिनक्स लॅपटॉपवर लोकलहोस्टसाठी सेटअप मॉड्यूल (मशीनची माहिती गोळा करणारे) चालवले, की आयपी, डिस्क, माउंट, इंटरफेस यांचे भरपूर खोल जेसन मिळते. त्यातून मूळ विभाजनावर किती जागा शिल्लक आहे ते माउंट्सच्या लिस्टमधून क्रमांक न वापरता काढून पाहावे. तेच उत्तर मग पायथॉनमध्ये आणि जेम्सपाथमध्ये काढावे. मुलाखतीत आम्ही साधारण याच धर्तीचा प्रश्न देतो, आणि उमेदवाराने उत्तर लिहिण्याआधी पूर्ण जेसन छापून पाहण्याची परवानगी मागितली, तर त्याचे गुण तेथूनच मोजायला सुरुवात होते.