अरबी किती येते, हे कसे तपासावे?

समोर बसलेल्या गृहस्थांनी दम्माममध्ये अकरा वर्षे काढली होती. मूळचे रत्नागिरीकडचे, इलेक्ट्रिकल फोरमन. आता सुपरवायझर म्हणून परत जायचे होते आणि नव्या मालकाने विचारले होते, अरबी किती येते? मी त्यांना अरबीतून म्हटले, कालचा दिवस कसा गेला ते सांगा. क्षणभरही न अडखळता उत्तर आले : ‘अना फी रूह सूक, बादेन फी नूम.’ मी बाजारात गेलो, मग झोपलो. अर्थ चोख पोहोचला, पण क्रियापदाला ना काळ होता ना पुरुष. आखातात देशोदेशीचे कामगार आपसात आणि मालकाशी जी कामचलाऊ अरबी बोलतात, ती ही.

त्याच आठवड्यात एक विद्यार्थिनी आली. अरबीत एम.ए., शास्त्रीय गद्य अर्थासह वाचणारी, विभक्ती-प्रत्यय अचूक लावणारी. तिला कैरोच्या दुकानदाराचा एक मिनिटाचा आवाज ऐकवला. ‘आयिज़ा एह?’ म्हणजे ‘काय हवंय?’ हा साधा प्रश्नही तिला उमगला नाही.

या दोघांपैकी अरबी जास्त कोणाला येते? एका शब्दात याचे उत्तर देऊच नये, असे माझे ठाम मत आहे. शिकवणारे, नोकरीसाठी माणसे निवडणारे आणि स्वतःचीच पातळी जोखू पाहणारे, सगळ्यांना उपयोगी पडेल अशी माझी तपासणीची पद्धत पुढे देतो.

पहिली पायरी : कोणती अरबी आणि कशासाठी, ते लिहून काढा

अरबी जगात दोन थर एकाच वेळी नांदतात. बातम्या, पुस्तके, सरकारी कागद, भाषणे यांची ती फुसहा. घरात, बाजारात, टॅक्सीत बोलली जाते ती आम्मिया, आणि ती प्रदेशागणिक बदलते. चार्ल्स फर्ग्युसन या भाषाशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये अशा दुहेरी भाषास्थितीवर लेख लिहिला, तेव्हा त्याच्या प्रमुख उदाहरणांत अरबी होती. ‘आत्ता’ एवढाच शब्द घ्या. फुसहात ‘अल-आन’, कैरोत ‘दिलवअती’, दमास्कस-बैरूतकडे ‘हल्ला’, आखातात ‘अल-हीन’, मोरोक्कोत ‘दाबा’. पुणेरी आणि मालवणी यांत जेवढे अंतर आहे, त्यापेक्षा हे अंतर बरेच मोठे आहे.

म्हणून तपासणीआधी उमेदवाराकडून पाच कामे लिहून घ्या, जी त्याला अरबीत करायची आहेत. ‘रुग्णाला कुठे दुखते ते विचारणे’, ‘करारातली कलमे वाचणे’, इतक्या नेमक्या शब्दांत. ‘चांगले बोलता यावे’ असे कोणी लिहिले तर कागद परत द्या. ओमानला निघालेल्या नर्सची आणि अरबी कागदपत्रे भाषांतरित करणाऱ्याची चाचणी एकच असू शकत नाही.

दुसरी पायरी : एक मोजपट्टी निवडा आणि तीच धरून ठेवा

तीन मोजपट्ट्या जास्त चालतात. युरोपीय चौकट ए१ ते सी२ अशी सहा पायऱ्यांची. अमेरिकेतली ‘अ‍ॅक्टफल’ची पट्टी नवशिक्यापासून सर्वोच्चापर्यंत पाच मुख्य टप्प्यांची, आणि त्यातल्या खालच्या तीन टप्प्यांचे पुन्हा तीन-तीन भाग. अमेरिकी सरकारी खात्यांची ‘आयएलआर’ ० ते ५ अशी. घरगुती तपासणीला मी युरोपीय चौकट घेतो, कारण तिची वाक्ये ‘हे करता येते’ अशा रूपात आहेत आणि ती उमेदवाराला वाचून दाखवता येतात.

किती तास शिकलात, यावरून पातळी ठरवू नका. अमेरिकी परराष्ट्र खाते अरबीला आपल्या सर्वांत अवघड गटात धरते आणि कामापुरते प्रावीण्य यायला ८८ आठवडे, म्हणजे २२०० तास वर्ग, असा हिशेब मांडते. पण तो इंग्रजी मातृभाषेच्या अधिकाऱ्यांसाठी आहे. लिंगानुसार क्रियापद बदलणे आपल्याला ‘गेलास-गेलीस’मुळे अंगवळणी पडलेले असते. पंचविसाला अरबीत ‘ख़म्सा व इश्रून’, पाच आणि वीस, म्हणतात. ‘पंचवीस’ म्हणणाऱ्याला हा क्रम उलटा वाटत नाही. आपली अडचण असते ती वेगळ्याच जागी.

तिसरी पायरी : वाचन, पण मोठ्याने वाचण्यापलीकडचे

छापील अरबीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. क-त-ब ही तीन अक्षरे दिसली तर ती ‘कतब’ (त्याने लिहिले), ‘कुतिब’ (लिहिले गेले) किंवा ‘कुतुब’ (पुस्तके) यांपैकी काहीही असू शकतात. कोणते ते वाक्यच सांगते. म्हणून स्वरचिन्हे नसलेला, वर्तमानपत्रातला आठ-दहा ओळींचा उतारा द्या. आधी मनात वाचू द्या, मग मराठीत सार विचारा. मोठ्याने वाचन सर्वांत शेवटी.

हा क्रम महत्त्वाचा आहे. लहानपणापासून कुराणपठण केलेल्यांचे उच्चार सुंदर असतात. क़ाफ आणि काफ यांतला फरक, घशातला ऐन, जड साद-ज़ाद त्यांना सहज येतात. उर्दू लिपी येणारेही झरझर वाचतात. उच्चाराचे गुण त्यांना जरूर द्या, मनापासून द्या. पण त्या जोरावर आकलनाचे गुण देऊ नका, ती दोन वेगळी कौशल्ये आहेत.

मराठी माणसासाठी उताऱ्यात दोन-तीन सापळे मुद्दाम ठेवावेत. आपल्याकडे अरबीतून आलेले शब्द पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या काहींचा अर्थ वाटेत बदलला. अरबीत ‘ग़रीब’ म्हणजे परका, विचित्र, निर्धन नव्हे. ‘फ़ुर्सा’ म्हणजे संधी. ‘वकील’ म्हणजे प्रतिनिधी, मुखत्यार. कोर्टातल्या वकिलाला ‘मुहामी’ म्हणतात. ‘तारीख़’ दिनांकही आहे आणि इतिहासही. उमेदवार संदर्भ पाहून अर्थ लावतो की घरच्या शब्दावर विसंबतो, हे इथे लगेच कळते.

आणखी एक छोटी कसोटी मला फार आवडते. ‘किताब’ आणि ‘कातिब’ (लिहिणारा) येणाऱ्याला ‘मकतबा’ हा शब्द वाक्यात घालून द्या आणि अंदाज करायला सांगा. ‘पुस्तकांची जागा’ असे काहीतरी उत्तर आले, तर तीन व्यंजनांच्या धातूतून शब्दकुळे कशी निघतात हे त्याला कळले आहे. अशा माणसाच्या हाती धातूवार लावलेला शब्दकोश दिला की तो स्वतःच पुढे जातो.

चौथी पायरी : ऐकणे

तीन तुकडे पुरेत, प्रत्येकी एक ते दीड मिनिटाचा. पहिला बातमीपत्राचा, शुद्ध फुसहात. दुसरा त्याच बातमीतल्या रस्त्यावरच्या माणसाच्या मुलाखतीचा, जिथे बोली आणि फुसहा मिसळलेली असते. तिसरा उमेदवाराला जिथे जायचे आहे तिथल्या बोलीतला. प्रत्येक तुकडा दोनदा ऐकवा. पहिल्यांदा फक्त विचारा, कोण बोलत आहे आणि कशाबद्दल. दुसऱ्यांदा तपशील विचारा. फोन नंबर, किंमत, वेळ यांची एक झटपट फेरी घ्याच, कारण आकडे न कळल्याने जेवढे व्यवहार बिघडतात तेवढे व्याकरणाने बिघडत नाहीत.

पाचवी पायरी : बोलणे, म्हणजे चढण घाटाची

इथे वीस ते तीस मिनिटे द्या आणि उमेदवाराच्या परवानगीने आवाज मुद्रित करा. सुरुवात सपाट रस्त्याने : नाव, गाव, काम, ‘ऐन तस्कुन?’ (कुठे राहता?). पाच मिनिटांत घाबरलेला आवाज मोकळा होतो. तोवर गुण देऊ नका.

मग एकेक वळण वर. घराचे वर्णन करा. कालचा दिवस सांगा. गावाला जाताना झालेली एखादी फजिती सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगा. मग मत विचारा : तुमच्या भागातल्या तरुणांनी परदेशी जावे का, का? आणि सर्वांत वर, ‘असे झाले असते तर’ या वाटेचे प्रश्न. कुठेतरी गाडी दम टाकते. वाक्ये तुटक होतात, इंग्रजी शब्द शिरू लागतात, क्रियापदांची रूपे घसरतात. ती जागा सापडली की एक पायरी खाली उतरा, तिथे त्याला सलग बोलता येते का ते पाहा. जिथे तो सलग टिकतो ती त्याची पातळी, जिथे एखाद्या वेळी पोहोचतो ती नव्हे. शेवटची दोन मिनिटे पुन्हा सोप्या गप्पा मारा. माणूस हरल्याच्या भावनेने उठू नये.

मध्ये एक नाट्यप्रसंग घाला. खोलीचा एसी बंद आहे, घरमालक तीन दिवस ‘बुकरा, इन शा अल्लाह’ (उद्या, देवाची इच्छा असेल तर) म्हणतो आहे. न दुखावता काम करून घ्या. आमच्या फोरमननी इथे बाजी मारली. आधी मालकाच्या मुलांची चौकशी, मग उन्हाळ्याचा विषय, मग एसी. व्याकरण तेच मोडके, पण काम झाले. ‘व्यवहार साधतो’ या रकान्यात मी त्यांना पूर्ण गुण दिले.

फुसहात उत्तर देणाऱ्याला ‘पुस्तकी’ आणि बोलीत देणाऱ्याला ‘अशुद्ध’ म्हणून गुण कापू नका. बोली ही चूक नाही. मात्र कामचलाऊ अरबी आणि आखाती बोली यांत गल्लत करू नका. ‘मला माहीत नाही’ला ‘मा अद्री’ म्हणणारा बोली बोलतो. ‘अना माफी मालूम’ म्हणणाऱ्याला ती अजून शिकायची आहे. परीक्षकाला ती बोली स्वतःला येत नसेल तर ती येणारा माणूस सोबत बसवा.

फुसहाची बाजू जोखताना एक खूण लक्षात ठेवा. माणसे सोडून इतर नामांच्या अनेकवचनाला अरबी स्त्रीलिंगी एकवचनी विशेषण लावते : ‘अस-सय्यारात जदीदा’, गाड्या नवी. हे नकळत बरोबर जमू लागले, की उमेदवार मनातल्या मनात भाषांतर करणे सोडू लागला आहे.

सहावी पायरी : लेखन

ज्याला कामात लिहायचे आहे त्याचेच तपासा. एक अर्ज आणि एक छोटा निरोप पुरे. हम्ज़ा (घशातल्या खटक्याचे चिन्ह) कोणत्या अक्षरावर बसतो, शब्दान्तीचा गोल ‘ता’ चुकतो का, एवढ्याने बराच अंदाज येतो. कीबोर्डवर लिहिणार असेल तर कीबोर्डवरच लिहू द्या.

सातवी पायरी : गुण आणि निकालपत्र

दोन परीक्षकांनी मुद्रण स्वतंत्रपणे ऐकावे, एकमेकांचे गुण न पाहता. एक पायरीपेक्षा जास्त फरक पडला तर एकत्र बसून ती जागा पुन्हा ऐकावी. मी एकटा असतो तेव्हा दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकतो आणि बरेचदा माझाच आकडा बदलतो. पहिल्या दिवशी माणसाचा आत्मविश्वास कानावर जास्त पडलेला असतो.

निकाल एका आकड्यात कधीही देऊ नका. विद्यार्थिनीचा निकाल असा लिहिला : ‘फुसहा वाचन बी२, फुसहा श्रवण बी१, फुसहा संभाषण ए२, इजिप्शियन बोली अजून सुरू नाही.’ फोरमनचा असा : ‘कामाच्या जागी तोंडी सूचना देणे-घेणे सहज. भूतकाळातली घटना क्रमाने सांगणे जमत नाही. वाचन फलकांपुरते.’ असे निकालपत्र वाचून मालकालाही कळते कोणते काम सोपवावे आणि शिकणाऱ्यालाही कळते उद्या वही उघडून काय करावे.

अधिकृत प्रमाणपत्र लागणार असेल तर आधी मागणाऱ्यालाच विचारा, कोणते चालते. पॅरिसच्या अरब जगत संस्थेची ‘सीमा’ परीक्षा आधुनिक फुसहाची आहे, बोलीची नव्हे. अमेरिकी संरक्षण खात्याच्या चाचण्यांत फुसहा, इजिप्शियन, इराकी यांच्या परीक्षा वेगवेगळ्या असतात. पैसे भरण्याआधी ही एवढी चौकशी करावीच.

पुन्हा तपासणी सहा महिन्यांच्या आत घेऊ नये, असा माझा अनुभव. फोरमन सात महिन्यांनी आले. रोज रात्री अर्धा तास क्रियापदांची रूपे गिरवत होते, मुलगी तपासत होती. बाकीचे प्रश्न मी बदलले होते, पहिला मुद्दाम तोच ठेवला. कालचा दिवस कसा गेला? ते क्षणभर थांबले, या वेळी थांबले, आणि म्हणाले, ‘रिह्त अस-सूग, व बअदेन निम्त.’