गुंगीचं इंजेक्शन घेताय? आधी गाडीची चावी दुसऱ्याकडे द्या

मिरजेला दवाखान्यासाठी जत, कवठेमहांकाळ, तासगाव, अगदी पलीकडच्या अथणीहूनही माणसं येतात. पोटाची दुर्बिण, अक्कलदाढ, गळू फोडणं, छोटी गाठ काढणं, असं सकाळी दाखल होऊन दुपारी घरी सोडण्याचं काम असलं की बरेच जण सरळ मोटारसायकल काढतात आणि एकटेच निघतात. जाताना अडचण नसते, घोटाळा परतताना होतो.

आधी एक गोष्ट विचारून घ्या: नुसती जागा बधिर करणार की गुंगी देणार? जागा बधिर करण्याच्या इंजेक्शनचा मेंदूवर सहसा परिणाम होत नाही. तिथे गाडी चालवताना अडचण असते ती बधिर हातापायाची, टाक्यांची किंवा डोळ्यावरच्या पट्टीची. शिरेतून मिडाझोलाम, फेंटानिल, प्रोपोफॉल यांपैकी गुंगीचं काही औषध देणार असतील, तर त्या क्षणापासून 24 तास गाडी बंद. कमरेत इंजेक्शन देऊन पाय बधिर करणार असले तरी त्या दिवशी चालवण्याचा विचार सोडा.

24 तास कशाला, मी तर अर्ध्या तासात चहा पीत बसलो होतो, असं म्हणणारे भेटतातच. प्रोपोफॉल थांबवलं की माणूस साधारण 5 ते 10 मिनिटांत डोळे उघडतो, हे खरं. पण तोवर औषध शरीराबाहेर गेलेलं नसतं. ते मेंदूतून निघून स्नायूंत आणि चरबीत पसरलेलं असतं आणि तिथून सावकाश उतरतं. मिडाझोलामचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायलाच सरासरी 3 तास लागतात, म्हणजे 6 तासांनीही पाव भाग शिल्लक असतो. वयस्कर माणसाला, यकृताचा त्रास असलेल्याला आणि जाड माणसाला आणखी वेळ लागतो. कधी गुंगी लवकर उतरावी म्हणून तिचा असर तोडणारं औषध देतात. त्यावर तर बिलकुल भरवसा ठेवू नका. त्याचा असर आधी संपतो आणि गुंगी पुन्हा चढू शकते.

खरी भीती झोपेची नाहीच. पेंगणारा माणूस स्वतःहून गाडीला हात लावत नाही. ज्याला एकदम तरतरीत वाटतं, तो चावी मागतो. अंदाज चुकतोय हे ओळखणारी मेंदूतली जागाच अजून सुस्त असते, त्यामुळे आपण ठीक आहोत हा स्वतःचा निकाल इथे कामाचा नाही. ताशी 60 किलोमीटरच्या वेगात ब्रेक दाबायला अर्धा सेकंद उशीर झाला, तर गाडी 8 मीटर पुढे गेलेली असते. गळीत हंगामात संध्याकाळी मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली पुढ्यात आली, की या 8 मीटरचा हिशेब कळतो.

म्हणून सगळं इंजेक्शनच्या आधी ठरवा. मिडाझोलाममुळे नंतरच्या काही वेळातलं आठवत नाही. डॉक्टरांनी सांगितलं, तुम्ही मान डोलावली, आणि तासाभराने त्यातलं काहीच लक्षात नाही, असं सर्रास होतं. सूचना सोबतच्या माणसाने ऐकायच्या आणि कागदावर लिहून घ्यायच्या. हा माणूस सज्ञान हवा, दवाखान्यातून निघेपर्यंत थांबणारा हवा, आणि रात्री घरातही कुणीतरी हवं. फोन केला की येतो म्हणणारा मेहुणा यात धरू नका. मोटारसायकल घरीच ठेवा. ती दवाखान्याच्या दारात उभी असली की 'तिला इथे कशी सोडू' म्हणून हट्ट होतोच.

परतताना मोटारसायकलवर मागे बसणंही नको. याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. खड्ड्यात गाडी उडाली की सावरायला हाताची पकड लागते, तीच ढिली झालेली असते. त्यात साडी नेसून एका बाजूला बसलेली बाई असेल तर विचारायलाच नको. जवळच्या विश्रामबागपर्यंतच जायचं असलं तरी रिक्षा करा. लांब जायचं तर भाड्याची कार. वडाप, म्हणजे माणसं कोंबून नेणारी जीप, नको, त्या दाटीत आडवं व्हायला किंवा उलटीला वाकायला जागा नसते. कारमध्ये मागच्या सीटवर बसवा, पट्टा लावा, शेजारी सोबतीण किंवा सोबती बसू द्या, हाताशी पिशवी ठेवा. झोप लागून हनुवटी छातीवर टेकली आणि घोरणं सुरू झालं तर हनुवटी वर करा, त्या अवस्थेत श्वासाची वाट अडते. हाक मारून, हलवूनही जाग येत नसेल, श्वास मध्येच थांबत असेल किंवा ओठ निळसर दिसले तर गाडी थांबवून 108 ला फोन लावा.

24 तासांचा नियम ट्रॅक्टरलाही आहे. कडबाकुट्टी, विळा, विहिरीच्या काठावर जाणं, रात्रीच्या लाइटीला मोटर चालू करायला जाणं, हे सगळं त्या दिवशी दुसऱ्यावर सोपवा. दारू आणि झोपेची गोळी नको. सोसायटीच्या कर्जाच्या कागदावर सही दुसऱ्या दिवशी करा.

दुसऱ्या दिवशी घड्याळ बघून लगेच निघू नका. ट्रामाडोलसारखी दुखण्यावरची गोळी किंवा झोप आणणारी सर्दीची गोळी चालू असेल तर तिचा हिशेब वेगळा. कोणती गोळी झोप आणते ते डॉक्टरांना नाव घेऊन विचारा. मग उभ्या गाडीत बसून जोरात ब्रेक दाबून बघा. टाके ओढल्यासारखे वाटून पाय कचरला, क्लच दाबताना हात दुखला किंवा मान पूर्ण वळेना, तर अजून थांबा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 186 प्रमाणे शारीरिक किंवा मानसिकदृष्ट्या असमर्थ असताना, दुसऱ्यांना धोका होईल हे माहीत असूनही गाडी चालवणं हा गुन्हा आहे, आणि डिस्चार्ज कार्डावर '24 तास वाहन चालवू नये' लिहिलेलं असताना 'मला माहीत नव्हतं' म्हणता येत नाही.