साइटचा वरखर्च बजेटबाहेर जाणार का, हे आधीच कसं ओळखायचं

सिमेंट आणि लोखंडाचा भाव वाढला की बिल्डरला त्याच दिवशी कळतं. वरखर्चाचं, म्हणजे मालाशिवाय साइट चालवायला लागणाऱ्या खर्चाचं, तसं नसतं. इंजिनिअर-सुपरवायझरचे पगार, वॉचमन, स्टोअरकीपर, हॉइस्टचं (माल वर चढवणाऱ्या लिफ्टचं) भाडं, तात्पुरतं वीज कनेक्शन, जनरेटरचं डिझेल, पाण्याचे टँकर, लेबर कॅम्प, विमा, क्यूब टेस्टिंग (काँक्रीटच्या ठोकळ्यांची ताकद तपासणं) या रकमा सुट्या सुट्या लहान दिसतात आणि जास्तीचा खर्च शेवटच्या चार-सहा महिन्यांत एकदम अंगावर येतो. टॅली प्राइम हे हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि एक्सेल बहुतेक ऑफिसांत असतातच. तेवढ्यावर हा अंदाज दर महिन्याला काढता येतो, महागडं सॉफ्टवेअर घ्यायची गरज नाही. एक्सेल नसेल तर लिबरऑफिस कॅल्कही चालतं.

आधी टॅली नीट लावून घ्या. एफ ११ मध्ये कॉस्ट सेंटर, म्हणजे कुठला खर्च कोणत्या साइटचा हे दाखवणारी सोय, चालू करा आणि प्रत्येक साइटला एक सेंटर द्या: आमच्या नाशिकमध्ये पाथर्डी फाटा, आडगाव, मखमलाबाद, जे असेल ते. हेड ऑफिसचं सेंटर वेगळं ठेवा. दोन साइट बघणाऱ्या इंजिनिअरचा पगार महिन्याच्या सुरुवातीलाच ठरलेल्या प्रमाणात वाटून टाका. वर्षअखेरीला वाटलेला पगार अंदाजाच्या काही कामाचा नसतो. सेंटर रिकामं राहिलेली व्हाउचर दर शनिवारी काढून भरून घ्या. साइटची किरकोळ रोख तर आठवड्यालाच चढवावी, नाहीतर टँकर आणि टेम्पोभाडं तीन महिन्यांनी एका रकमेत येतं आणि मधले महिने खोटे स्वस्त दिसतात.

मग महिनाअखेरीला लेजर ऑल्ट आणि ई दाबून एक्सेलमध्ये काढा. त्यात दोन रकाने हाताने जोडायचे. पहिला 'खर्चाचा महिना'. महावितरणचं ऑगस्टचं बिल सप्टेंबरात येतं, सिक्युरिटी एजन्सीचं कधी दोन महिने उशिरा. बिलाच्या तारखेवर गेलात तर अंदाज कायम मागे राहतो, म्हणून बिल आलं नसलं तरी त्या महिन्याची अंदाजे रक्कम टाका आणि बिल आल्यावर दुरुस्त करा. दुसरा रकाना 'प्रकार', आणि सगळा हिशेब त्यावरच उभा आहे.

प्रकार तीन. वेळेचा खर्च, म्हणजे काम होवो न होवो महिना उलटला की लागणारा: पगार, वॉचमन, हॉइस्टचं भाडं, साइट ऑफिस. कामाचा खर्च, म्हणजे काम जितकं होईल तितका लागणारा: वीज, डिझेल, टेस्टिंग, टेम्पोभाडं. आणि एकदाचा खर्च: पत्र्याचं कुंपण, ऑफिस उभारणी, विमा, शेवटी सगळं आवरून नेणं. वीज कनेक्शनची परत मिळणारी ठेव खर्चात धरू नका, ती येणं आहे. जीएसटीचं मात्र उलट. निवासी प्रकल्पाला १ एप्रिल २०१९ पासूनच्या १ किंवा ५ टक्क्यांच्या पद्धतीत इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळत नाही, तेव्हा बिल्डरने वरखर्च जीएसटीसकट लिहावा. क्रेडिट घेणाऱ्या कंत्राटदाराने जीएसटी वगळून.

सम-इफ्स हे अटींनुसार बेरीज करणारं एक्सेलचं सूत्र वापरून महिना आणि प्रकार असा तक्ता तयार झाला की आकडेमोड सुरू करा. उदाहरणासाठी समजा, पाथर्डी फाट्याला सात मजली इमारत, सुरुवात १ ऑक्टोबर २०२५, मुदत १८ महिने. वेळेचा खर्च महिन्याला १.९० लाख, म्हणजे एकूण ३४.२० लाख. कामाचा १२.६० लाख, एकदाचा ५ लाख. वरखर्चाचं बजेट ५१.८० लाख. आठ महिने झाले, मे २०२६ संपला. वेळापत्रकानुसार ४४ टक्के काम व्हायला हवं होतं, मोजणी पुस्तकानुसार (साइटवर प्रत्यक्ष मोजलेल्या कामाच्या नोंदवहीनुसार) ३६ टक्के झालंय. खर्च असा: वेळेचा १५.९० लाख, कामाचा ५ लाख, एकदाचा ३.९० लाख. एकूण २४.८० लाख.

नेहमीचा मासिक रिपोर्ट इथे काय सांगेल? आठव्या महिन्यापर्यंतचं बजेट २४.५४ लाख, खर्च २४.८० लाख, म्हणजे फक्त २६ हजार जास्त. सगळे निश्चिंत.

आता अंदाज. कामाचा खर्च सोपा आहे: ५ लाखांत ३६ टक्के काम झालं, तर पूर्ण कामाला ५ भागिले ०.३६, म्हणजे १३.८९ लाख. एकदाच्या खर्चात झालेल्या ३.९० लाखांत उरलेली यादी मिळवा: १.२० लाख धरले तर ५.१० लाख.

वेळेच्या खर्चाला हा भागाकार लावायचा नाही. सर्वाधिक चुका इथेच होतात. त्याला किती महिने उरले ते लागतं. वेळापत्रकात ३६ टक्के काम कोणत्या दिवशी पूर्ण व्हायचं होतं ते शोधा. इथे ते साडेसहाव्या महिन्यात आहे. आठ महिन्यांत साडेसहा महिन्यांचं काम झालं, म्हणजे वेग ६.५ भागिले ८, ०.८१. याच वेगाने १८ महिन्यांचं काम साधारण २२.१५ महिने घेईल. उरले १४.१५ महिने. दर बजेटमधला घेऊ नका, गेल्या तीन महिन्यांची खरी सरासरी घ्या. ती २.०५ लाख आली असेल तर पुढचा खर्च २९.०१ लाख, आणि झालेले १५.९० मिळवून ४४.९१ लाख.

तिन्हींची बेरीज ६३.९० लाख. बजेटपेक्षा १२.१० लाख जास्त, आणि हे काम सुरू असताना, अजून दहा महिने कागदावर शिल्लक असताना दिसतंय. त्यातले १०.७१ लाख एकट्या वेळेच्या खर्चाचे. त्याचीही फोड करा: ४.१५ महिने उशीर गुणिले १.९० लाख, म्हणजे ७.८९ लाख उशिराचे. उरलेले २.८२ लाख महिन्याचा दर वाढल्याचे. ही फोड केली नाही तर साहेब वॉचमन कमी करायला सांगतात आणि खरा खर्च स्लॅबच्या उशिरात होत राहतो.

सरासरी दर घेताना मागचे तीन महिने एकदा डोळ्याखालून घाला. त्यात दिवाळी असेल तर बोनस वेगळा काढून एकदाच्या खर्चात टाका, नाहीतर तो पुढच्या प्रत्येक महिन्याला चिकटतो. हॉइस्टचा किमान महिन्यांचा करार असेल तर मशीन लवकर परत दिलं तरी भाडं द्यावं लागतं, म्हणून कराराने द्याव्याच लागणाऱ्या रकमा वेगळ्या रकान्यात ठेवा. एक्सेलचं फोरकास्ट-लिनिअर, म्हणजे मागच्या आकड्यांवरून सरळ रेष पुढे ओढणारं सूत्र, वापरायचा मोह होतो. कामाच्या खर्चाला, पाच-सहा महिन्यांचे आकडे असतील तर, ताडून बघायला ते ठीक आहे. पगाराला लावू नका. चौथ्या महिन्यात एक सुपरवायझर वाढला की ती रेष समजते दर महिन्याला थोडा थोडा सुपरवायझर वाढतोय.

सूत्राला नाशिक कळत नाही, ते आपणच घालावं लागतं. वरच्या उदाहरणात मूळ मुदत मार्च २०२७ ला संपते, म्हणजे वेळापत्रकात एकच पावसाळा आहे. २२ महिन्यांचं झालं की जून-जुलै २०२७ चा दुसरा पावसाळाही आत येतो, आणि बाहेरचं प्लास्टर, वॉटरप्रूफिंग नेमकं तेव्हाच उरलेलं असतं. त्यात २ ऑगस्ट २०२७ ला सिंहस्थ कुंभमेळ्याचं पहिलं अमृत स्नान. त्या दिवसांत जड वाहनांवर निर्बंध येणार हे धरूनच चालावं. पेठ-सुरगाण्याकडचे मजूर होळीला आणि भात लावणीला गावी जातात, परप्रांतीय कारागीर छठला. पुढच्या प्रत्येक महिन्यासमोर कामाचे खरे दिवस लिहा आणि त्या दिवसांवरून उरलेले महिने पुन्हा काढा. फक्त मूळ वेळापत्रकात पावसाळा आधीच धरला असेल तर तोच दुसऱ्यांदा वजा करू नका. सूत्राचे महिने आणि कॅलेंडरचे महिने यांत एकापेक्षा जास्त महिन्याचा फरक पडला तर आम्ही कॅलेंडरवर विश्वास ठेवू.

धोक्याची खूण झालेल्या खर्चावर लावू नका, अंदाजित एकूण रकमेवर लावा: बजेटच्या ५ टक्के वर गेला की पिवळा, १० टक्के वर गेला की लाल, कंडिशनल फॉरमॅटिंगने. टॅलीचं बजेट आणि ईआरपीनेक्स्ट या व्यवसाय चालवायच्या सॉफ्टवेअरमधला इशारा दोन्ही उपयोगाचे आहेत, ईआरपीनेक्स्ट तर बजेट ओलांडणारी ऑर्डर अडवूही शकतं. पण दोन्ही नोंदलेल्या रकमा बजेटशी ताडतात. उरलेल्या कामाला किती महिने लागतील हे त्यांना ठाऊक नसतं, ते एक्सेलमध्येच बघावं लागतं.

टक्केवारी कुठून येते तेही तपासा. प्रत्येक स्लॅबनंतर ग्राहकांना पाठवलेल्या पैशांच्या मागणीवरून काम मोजलं तर ते फुगतं, कारण स्लॅब पडला तरी वीटकाम आणि फिनिशिंग बाकी असतं. मोजणी पुस्तकच धरा.

तक्ता भरवशाचा आहे का, हे पाहायला पाचव्या महिन्यापर्यंतचेच आकडे ठेवून सहा ते आठचा अंदाज काढा आणि खऱ्या खर्चाशी ताडा. खर्चाच्या एखाद्या शीर्षकात मोठी तफावत दिसली तर बहुतेक वेळा तिथे प्रकार चुकीचा पडलेला असतो. डिझेल हे नेहमीचं उदाहरण: जनरेटरचं कामाच्या खर्चात हवं, साइटवरच्या गाडीचं वेळेच्या, आणि दोन्ही एकाच लेजरमध्ये असतात.

अंदाज हाती आला की सौदा करता येतो. महिनाभराच्या उशिराची किंमत आता २.०५ लाख आहे. सेंट्रिंगचा (स्लॅब ओतायच्या साच्याचा) जादा सेट भाड्याने आणून दोन महिने वाचत असतील, तर त्या सेटचं भाडं, वाहतूक आणि मजुरी मिळून ४.१० लाखांच्या आत बसते का, एवढंच मुकादमासमोर बसून बघायचं. बसत असेल तर लगेच ऑर्डर द्या.