अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेला पूर्वज शोधताना या चुका टाळा

नवऱ्याच्या खापरपणजोबांचा माग काढताना मी दोन वर्षं भलत्याच माणसाचे कागद जमवत होते. नाव तेच, राज्यही ओहायोच, पलटण मात्र वेगळी. अमेरिकेत सोयरीक जुळलेल्या मराठी घरांतही असा शोध सुरू होतो, म्हणून हे लिहिते आहे.

माझी चूक नावावर विसंबण्याची होती. नॅशनल पार्क सर्व्हिस या अमेरिकी सरकारी खात्याच्या ऑनलाइन यादीत उत्तर आणि दक्षिणेतल्या राज्यांमधल्या १८६१-६५ च्या या युद्धातल्या सैनिकांची ६३ लाख नावं आहेत. प्रत्यक्ष लढले साधारण ३५ लाख. एकच माणूस दोन पलटणींत, दोन-तीन स्पेलिंगांनी नोंदलेला असतो. आधी १८६० च्या जनगणनेत त्याचं गाव पक्कं करा. कंपनी, म्हणजे पलटणीतली एक तुकडी, बहुधा आसपासच्या गावांतूनच उभी राहायची. शेजारी आणि मेहुणे त्याच हजेरीपटावर सापडले, तर माणूस बहुतेक आपलाच.

१८६३ च्या सक्तीच्या भरतीच्या यादीत नाव दिसलं म्हणून तो लढला असं धरू नका. काहींनी ३०० डॉलर भरून सुटका करून घेतली, काहींनी बदली माणूस दिला. हजेरीपटावर 'गैरहजर' असेल तर लगेच पळपुटाही ठरवू नका. तो इस्पितळात असेल, कैदेत असेल. पुढच्या महिन्यांचे शेरे न वाचता मेलेल्या माणसाला असा डाग लावणं मला अन्यायाचं वाटतं.

सगळ्यात मोठं नुकसान होतं ते सैनिकी नोंदीपाशीच थांबल्याने. तिच्यात हजेरी, पगार, जखमा असतात, घर नसतं. घर असतं पेन्शनच्या फाइलमध्ये. विधवेला लग्नाचा आणि मुलांच्या जन्माचा पुरावा द्यावा लागे. दाखला नसला की शेजाऱ्यांचे, सुईणीचे जबाब जोडले जात. काहींनी घरच्या बायबलमधलं जन्मनोंदींचं पानच फाडून दिलं. सुमारे १ लाख ७९ हजार कृष्णवर्णीय सैनिकांच्या वंशजांसाठी तर ही फाइल सोन्याच्या मोलाची. गुलामांची नावं १८६० च्या जनगणनेत जवळजवळ नाहीतच, आणि सुटकेनंतर अनेकांनी आडनाव बदललं. जबाबांत मात्र जुनं नाव, जुना मालक, भावंडं सापडू शकतात.

उत्तरेच्या सैनिकांच्या बहुतेक फाइली वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये, म्हणजे सरकारी दप्तरखान्यात आहेत. दक्षिणेच्या सैनिकांची तिथे शोधू नका. त्यांना पेन्शन राज्यांनी दिलं, तेही अर्ज करताना तो जिथे राहत होता त्या राज्याने. व्हर्जिनियातून लढून टेक्सासात स्थायिक झालेल्याचा अर्ज टेक्सासातच.

नाव कुठेच जुळत नसेल तर पेन्शनची दुसरी सूची उघडा. ती पलटण आणि कंपनीनुसार लावलेली आहे. आमचे खापरपणजोबा तिथेच मिळाले, आडनावातलं एक अक्षर गाळून लिहिलेले. फाइलमध्ये त्यांच्या बायकोच्या बाजूने जबाब देणारा शेजारी १८६० च्या जनगणनेत अगदी पुढच्याच घरात होता.