स्वस्तातला छोटा टॅब घेतलाय? मग पहिल्या दिवसापासून एवढं करा

सात-आठ इंची स्वस्त टॅबबद्दल लोकांची मतं अगदी दोन टोकांची ऐकू येतात, एक जण म्हणतो पैसे वसूल, दुसरा म्हणतो थोड्याच दिवसांत रखडायला लागला, आणि बऱ्याचदा दोघांच्या हातात मॉडेल एकच असतं. फरक पडतो तो वापरात. हा टॅब म्हणजे फोनचा मोठा भाऊ नाही आणि लॅपटॉपचा धाकटा तर अजिबातच नाही. वाचन, व्हिडिओ, व्हिडिओ कॉल, मुलांचा अभ्यास, यातली दोन-तीन कामं ठरवा आणि बाकी सगळं त्याच्यावरून काढून टाका. एवढं केलं तर हा टॅब आरामात वर्षानुवर्षं चालतो, हे मी मनापासून सांगतोय.

पहिलं काम म्हणजे तपासणी, आणि ती परत करायची मुदत असेपर्यंतच उरकायची. पूर्ण पांढरं चित्र लावून स्क्रीनवर काळे ठिपके किंवा पिवळट पट्टा आहे का बघा, मग टॅब डावीकडे-उजवीकडे आणि वर-खाली तिरका धरून बघा, रंग उलटे होत असतील तर पॅनेल हलक्या प्रतीचं आहे आणि ते पुढे कुठल्याही सेटिंगने सुधारणार नाही. प्ले स्टोअर उघडून सेटिंग्जमध्ये अबाउटखाली प्ले प्रोटेक्ट सर्टिफिकेशन, म्हणजे गुगलची मान्यता, बघा, तिथे डिव्हाइस सर्टिफाइड आहे असं दिसायला हवं. अगदी अनोळखी ब्रँड असेल तर स्टोरेजचा आकडा डोळे झाकून मान्य करू नका, कारण काही टॅबमध्ये सॉफ्टवेअरच खोटा आकडा दाखवतं. मोठ्या व्हिडिओ फाइल्स टाकून जागा जवळजवळ भरा आणि शेवटी टाकलेली फाइल पूर्ण चालते का बघा, ही परीक्षा कुठल्याही माहिती दाखवणाऱ्या ॲपपेक्षा खरी. आणि हो, ३२ जीबीच्या टॅबमध्ये सिस्टीमच बरीच जागा खाते, त्यामुळे मोकळी जागा ३२ पेक्षा बरीच कमी दिसली तर ती फसवणूक नाही.

रॅमच्या बाबतीत ‘४ अधिक ४’ असं काही लिहिलेलं असतं ना, त्यातला दुसरा ४ म्हणजे स्टोरेजचाच तुकडा रॅमसारखा वापरलेला असतो. तो खऱ्या रॅमच्या जवळपासही पोचत नाही, हिशोबात धरूच नका.

आता सेटअप. टॅब चालू केला की चार्जिंगला लावा, वायफाय जोडा, सिस्टीम अपडेट आणि सगळी ॲप अपडेट होऊ द्या आणि तोपर्यंत त्याच्याबद्दल काही मत बनवू नका, कारण त्या वेळात मागे इतकं काम चालू असतं की चांगला टॅबसुद्धा अडखळतो. ते झालं की आधीपासून भरलेली ॲप्स साफ करा, जी अनइन्स्टॉल होत नाहीत ती डिसेबल करा. होम स्क्रीनवर विजेट्स ठेवू नका. एखाद्या ॲपची गो किंवा लाइट, म्हणजे हलकी, आवृत्ती मिळत असेल तर तीच घ्या. मग सेटिंग्जमध्ये अबाउट टॅबलेटमध्ये जाऊन बिल्ड नंबरवर ७ वेळा टॅप करा, डेव्हलपर ऑप्शन्स उघडतील, तिथे ॲनिमेशन स्केलच्या तीन ओळी आहेत त्या १ वरून ०.५ वर आणा. प्रोसेसर काही वेगवान होत नाही याने, पण स्क्रीन बदलताना जो रेंगाळलेपणा जाणवतो तो बराच कमी होतो. त्या मेनूमध्ये बाकी कशाला हात लावायची गरज नाही.

रॅम साफ करणारी, स्पीड वाढवणारी ॲप्स मात्र टाकूच नका. अँड्रॉइड उघडलेलं ॲप मुद्दाम रॅममध्ये धरून ठेवतो, म्हणजे परत उघडलं की लगेच समोर येतं, आणि जागा लागली की स्वतःच काढून टाकतो. तुम्ही ते जबरदस्तीने मारलं की पुढच्या वेळी सगळं स्टोरेजमधून पहिल्यापासून वाचायला लागतं.

आणि या टॅबचं खरं दुखणं स्टोरेजच आहे, लोक प्रोसेसरला दोष देत बसतात. स्वस्त टॅबमध्ये बहुतेक करून ईएमएमसी प्रकारची मेमरी असते, महागड्या फोनमधल्या यूएफएसपेक्षा बरीच हळू, आणि ती गच्च भरली की लिहिण्याचा वेग आणखी पडतो. याचं जुनं उदाहरण म्हणजे २०१२ चा नेक्सस ७. आसूसने गुगलसाठी बनवलेला हा ७ इंची टॅब सुरुवातीला सुसाट चालायचा, मग हळूहळू मंदावत गेल्याच्या तक्रारी सुरू झाल्या, कारण पुसलेल्या फाइल्सची जागा मेमरीला ‘ही आता रिकामी’ असं कळवलंच जात नव्हतं. २०१३ मध्ये अँड्रॉइड ४.३ मध्ये ती सोय म्हणजे ट्रिम आली. आज ती सगळीकडे असते, पण ती सफाई टॅब निवांत असताना, सहसा चार्जिंगला लावलेला असताना होते. म्हणून टॅब सतत वापरून लगेच स्विच ऑफ करायची सवय असेल तर अधूनमधून रात्री चालू ठेवून चार्जिंगला लावा. आणि चार-पाच जीबी जागा कायम मोकळी राहू द्या.

मायक्रोएसडी कार्ड जरूर टाका, पण त्यावर व्हिडिओ, पुस्तकं, गाणी एवढंच. ए१ छाप असलेलं कार्ड घेतलं तर छोट्या-छोट्या फाइल्स वाचायला बरं पडतं. काही टॅब कार्डाला आतल्या स्टोरेजमध्ये जोडायचा पर्याय देतात, तो मी कुणालाच सुचवत नाही, कार्ड बिघडलं की ॲप्सही गेली आणि ते कार्ड दुसऱ्या यंत्रात वाचताही येत नाही.

आता वाचन, माझ्या मते छोटा टॅब घ्यायचं सगळ्यात चांगलं कारण. एका हातात मावतो, आडवं पडून वाचता येतं. पण पीडीएफची अडचण समजून घ्या. ८ इंची टॅब उभा धरला तर स्क्रीनची रुंदी साधारण सव्वाचार इंच असते आणि ए४ पान सव्वाआठ इंच रुंद, म्हणजे पान निम्म्यावर येतं आणि १२ पॉइंटचं अक्षर ६ पॉइंटचं दिसतं. इंग्रजी एकवेळ वाचता येईल, पण देवनागरीत रफार, अनुस्वार, जोडाक्षरं सगळी एकमेकांत मिसळतात. यावर उपाय आहे. वाचायच्या ॲपमध्ये समास, म्हणजे पानाच्या कडेची कोरी जागा, कापायची सोय वापरा, आणि टॅब आडवा धरून पान रुंदीला फिट करा. चारी बाजूंनी इंचभर समास असलेलं ए४ पान असं ठेवलं तर अक्षरं जवळजवळ छापील आकाराची दिसतात, फक्त पान दोन-तीन टप्प्यांत खाली सरकवावं लागतं. केओरीडर नावाच्या वाचनाच्या ॲपमध्ये हे फार छान जमतं. मजकूर ईपब या ई-पुस्तकांच्या फाइल प्रकारात मिळत असेल तर मग विषयच संपला, अक्षर हवं तेवढं मोठं करा, ओळी आपोआप जुळतात.

अजून खरेदी झाली नसेल आणि मराठी भरपूर वाचायचं असेल तर रिझोल्यूशनवर थोडे जास्त पैसे घालाच. ८ इंचावर १२८० बाय ८०० म्हणजे इंचाला साधारण १८९ पिक्सेल, आणि १९२० बाय १२०० म्हणजे २८३. हा फरक व्हिडिओत फारसा जाणवत नाही, मराठी मजकुरात मात्र लगेच डोळ्यात भरतो.

व्हिडिओचं बघू. नेटफ्लिक्ससारख्या ॲपवर चित्र पुसट येत असेल तर आधी वायफायला दोष देऊ नका, वाइडवाइन, म्हणजे व्हिडिओची कॉपी रोखणारी गुगलची व्यवस्था, कुठल्या लेव्हलचं आहे ते बघा. डीआरएम इन्फो नावाच्या ॲपमध्ये एल१ किंवा एल३ असं दिसतं, एल३ असेल तर अशी ॲप्स साधारण ४८० पीच्या वर जात नाहीत आणि हे सेटिंगमधून बदलता येत नाही. युट्यूबवरच्या नेहमीच्या व्हिडिओंना ही अट नाही. स्वतःच्या फाइल्स अडखळत असतील तर त्या एच.२६४ या व्हिडिओ प्रकारात ७२० पी करून टाका, छोट्या स्क्रीनला तेवढं पुरतं आणि प्रोसेसरवर ताणही येत नाही. व्हिडिओ कॉलला उजेड तोंडावर येईल असं बसा, पुढचा कॅमेरा अंधारात काहीच करू शकत नाही. स्पीकर बहुतेक एकच आणि बारीक आवाजाचा असतो, हेडफोन लावा.

बॅटरी. नुसता पडून असताना उतरत असेल तर रात्री एअरप्लेन मोड लावा, बऱ्यापैकी फरक पडतो. चार्जिंगला वेळ लागणार हे धरून चाला, सोबतचा चार्जर बऱ्याचदा ५ किंवा १० वॅटचाच असतो. बरेच दिवस वापरणार नसाल तर पूर्ण उतरवून ठेवू नका, निम्मी चार्ज करून बंद करा.

एक गोष्ट मात्र काळजीने सांगतो, या टॅबवर बँकेची ॲप्स आणि मुख्य ईमेल टाकू नका. अशा टॅबना सिक्युरिटी अपडेट फार दिवस मिळत नाहीत, अबाउटमध्ये सिक्युरिटी पॅचची तारीख दिसते ती बघा, वर्षभर हललेली नसेल तर समजून जा. टॅबसाठी वेगळं गुगल खातं उघडा. मुलांच्या हातात द्यायचा असेल तर ॲप पिनिंग चालू करा म्हणजे ती एकाच ॲपमध्ये राहतात. कमी रॅमवर दुसरं युझर प्रोफाइल जड जातं, त्यापेक्षा हे बरं.

पुढे कधी टॅब फारच मंदावला तर आधी रीस्टार्ट, मग ब्राउझरचा कॅशे (साठवलेल्या तात्पुरत्या फाइल्स) साफ करणं, मग जागा मोकळी करणं, आणि तरीही नाही जमलं तर बॅकअप घेऊन फॅक्टरी रीसेट. दुसऱ्या कुणाला देणार असाल तर रीसेटच्या आधी सेटिंग्जमधून गुगल खातं काढून टाका, नाहीतर रिकव्हरीमधून, म्हणजे टॅब सुरू होतानाच्या दुरुस्ती मेनूमधून, रीसेट केल्यावर टॅब जुन्या खात्याचा पासवर्ड मागत बसतो आणि घेणाऱ्याला तो उघडताच येत नाही.