ई-सिगारेट घ्यायला निघालेल्या धूम्रपान करणाऱ्याने मेडिकलमधून आधी काय घ्यावे

सिगारेट किंवा विडी ओढणारा माणूस ई-सिगारेट, म्हणजे निकोटीन असलेल्या द्रवाची वाफ ओढायचे बॅटरीवरचे उपकरण, घ्यायचे ठरवतो, तेव्हा त्यामागे बहुधा चांगलाच विचार असतो. धूर बंद व्हावा, खोकला थांबावा, घरच्यांची बोलणी संपावीत, आणि तरीही तलफ भागावी, एवढीच त्याची अपेक्षा असते. ही अपेक्षा रास्त आहे आणि ती पूर्ण करण्याची कायदेशीर सोय आपल्या तालुक्याच्या गावातसुद्धा आहे, पण ती ई-सिगारेटच्या रूपात नाही. म्हणून पैसे खर्च करण्याआधी कायदा काय सांगतो ते पाहावे आणि मग मेडिकलमध्ये जाऊन नेमके काय मागायचे ते ठरवावे.

केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेश काढून ई-सिगारेटवर बंदी घातली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेने तिचा कायदा केला. या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप आणि जाहिरात या सगळ्यांना मनाई केली आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पाच लाखांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. साठा करणाऱ्यालाही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. परदेशी संकेतस्थळावरून मागवणे किंवा दुबईहून येणाऱ्या नातेवाइकाला आणायला सांगणे ही आयातच ठरते. त्यामुळे छत्रपती संभाजीनगर, नांदेड किंवा लातूर येथे एखाद्या टपरीवर काउंटरखालून रंगीत वेप (ई-सिगारेटचेच दुसरे नाव) काढून दिला जात असेल, तर तो चोरट्या मार्गाने आलेला माल आहे, हे गृहीत धरावे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवाच सिगारेट ओढणाऱ्या प्रौढांना ई-सिगारेटचा पर्याय सुचवते, कारण तिच्यात तंबाखू जळत नाही आणि जळण्यातून तयार होणारे डांबर व कार्बन मोनॉक्साइड शरीरात जात नाही. सिगारेट सोडवण्यात तिचा चांगला उपयोग होतो, असेही चाचण्यांत दिसले आहे. परंतु तिथे द्रवातील निकोटीनची मर्यादा मिलिलिटरला २० मिलीग्रॅम अशी ठरलेली आहे आणि बाजारात येणाऱ्या प्रत्येक उत्पादनाची नोंद नियामकाकडे करावी लागते. आपल्याकडे टपरीवर मिळणाऱ्या वस्तूवर अशी कोणतीही देखरेख नाही. खोक्यावर लिहिलेले निकोटीनचे प्रमाण खरे आहे का, द्रवात आणखी काय मिसळले आहे, हे तपासण्याचा मार्ग ग्राहकाकडे नसतो आणि त्रास झाला तर तक्रारही करता येत नाही. अमेरिकेत २०१९ साली वेप ओढणाऱ्यांमध्ये फुफ्फुसांच्या गंभीर आजाराची साथ आली, तेव्हा ती मुख्यत्वे अनधिकृत मार्गाने विकल्या गेलेल्या, गांजातील घटक असलेल्या कार्ट्रिजशी (वेपमध्ये बसवायच्या द्रवाच्या कुपीशी) आणि त्यांत मिसळलेल्या व्हिटॅमिन ई अॅसिटेट या तेलकट पदार्थाशी जोडली गेली. ती वस्तू वेगळी होती, हे खरे. पण कोणी, कशात, काय मिसळले हे माहीत नसलेली वाफ छातीत ओढण्याचा धोका त्यातून नीट कळतो.

धुराशिवाय निकोटीन हवे असेल, तर निकोटीन गम ही पहिली खरेदी असावी. हा गम साध्या मेडिकल दुकानात मिळतो आणि त्याचा डोस पाकिटावर छापलेला असतो. आपल्याकडे लोक दुकानात 'निकोटेक्स द्या' असे एका ब्रँडच्या नावानेच मागतात, पण नाव कोणतेही असले तरी आधी पाहायचा तो आकडा. गम २ मिलीग्रॅम आणि ४ मिलीग्रॅम अशा दोन ताकदींत येतो. दोन मिलीग्रॅमचा गम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळतो, चार मिलीग्रॅमसाठी चिठ्ठी लागते. कोणता आपल्यासाठी, याची साधी कसोटी अशी आहे, की सकाळी जाग आल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट किंवा विडी पेटत असेल, तर व्यसन घट्ट आहे आणि चार मिलीग्रॅमची गरज असण्याची शक्यता अधिक. घड्याळात किती वाजले याला इथे महत्त्व नाही; पिकाला पाणी द्यायला पहाटे चारला उठणाऱ्याने चारपासूनच मोजावे. विडीला हलकी समजून कमी ताकदीचा गम घेण्याची चूक मात्र करू नये, कारण विडीतूनही भरपूर निकोटीन मिळते.

पहिल्यांदा मोठा खोका घेऊ नये. एक-दोन पत्ते घ्यावेत, पुदिना, फळ किंवा पान यांपैकी कोणती चव तोंडाला चालते ते पाहावे, बिल मागावे आणि मुदतीची तारीख वाचावी. वय अठराच्या आत असेल, गर्भारपण असेल, अलीकडे हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल किंवा ठोक्यांची अनियमितता असेल, तर स्वतःच्या मनाने काहीही न घेता डॉक्टरांना विचारावे. दम्यासाठी थिओफिलिनच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनीही सिगारेट सोडत असल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. धुरामुळे हे औषध शरीरातून लवकर निघून जात असते. धूर बंद झाला की त्याच डोसाचे प्रमाण रक्तात वाढते आणि डोस कमी करावा लागू शकतो. ही गोष्ट फारच थोड्या रुग्णांना माहीत असते, म्हणून ती इथे मुद्दाम लिहिली.

आता वापराविषयी, कारण गम वाया जातो तो इथेच. बहुतेक लोक तो साध्या च्युइंगमसारखा भराभर चघळतात, सुटलेले निकोटीन लाळेबरोबर गिळतात, मग उचकी लागते, घसा आणि छाती जळजळते, आणि 'हे काही आपल्याला मानवत नाही' असे म्हणून पत्ता खिडकीत ठेवून देतात. निकोटीन पोटातून नव्हे, तर तोंडाच्या आतल्या नाजूक त्वचेतून रक्तात जायला हवे. त्यासाठी गम सावकाश चावावा. थोड्याच वेळात जिभेला मिरीसारखा झणझणीतपणा किंवा मुंग्या जाणवतात. त्या क्षणी चावणे थांबवून गम गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवावा. झणझणीतपणा ओसरला की पुन्हा दोन-चार वेळा चावावा आणि या वेळी दुसऱ्या बाजूच्या गालात ठेवावा. असे साधारण अर्धा तास चालते आणि मग चव येईनाशी होते. जे लोक वर्षानुवर्षे तंबाखूचा बार गालात धरत आले आहेत, त्यांना ही रीत चटकन जमते. ज्यांना कवळी आहे त्यांना गम चिकटतो. त्यांनी न चावता तोंडात हळूहळू विरघळू द्यायची निकोटीनची गोळी (लॉझेंज) मागावी.

चहाचा मुद्दा आपल्या भागात सर्वांत महत्त्वाचा आहे. चहा, कॉफी, लिंबू-सरबत, सोडा यांमुळे तोंडात आम्लता वाढते आणि निकोटीन नीट शोषले जात नाही. गमच्या आधी पंधरा मिनिटे आणि गम तोंडात असेपर्यंत साध्या पाण्याशिवाय काही घेऊ नये. अडचण अशी, की आपल्याकडे चहा आणि सिगारेट यांची जोडी पक्की असते आणि टपरीवर कटिंग हातात आली की हात आपोआप खिशाकडे जातो. म्हणून सुरुवातीचे दोन-तीन आठवडे चहा घरी किंवा दुकानात बसून घ्यावा, आणि टपरीवर जावेच लागले तर जाण्यापूर्वी अर्धा तास गम घेऊन मोकळे व्हावे. तलफेची एक लाट काही मिनिटांतच ओसरते, पण गमचा असर सिगारेटइतका झटपट होत नाही. तेव्हा तलफ शिगेला पोहोचण्याची वाट न पाहता गम वेळेवर घेत राहावा.

सिगारेट सोडायची तारीख आधी ठरवावी आणि त्या दिवशी सकाळपासून गम सुरू करावा. पहिले सहा आठवडे दर एक ते दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दर दोन ते चार तासांनी, आणि त्यानंतरचे तीन आठवडे दर चार ते आठ तासांनी एक, असा बारा आठवड्यांचा क्रम पाकिटातल्या माहितीपत्रकातही सहसा दिलेला असतो. दिवसाला २४ गमची मर्यादा ओलांडू नये. खरे तर लोक जास्त नव्हे, कमीच घेतात. दिवसात दोन-तीन गमवर भागवायला जातात आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा पाकीट आणतात. पहिल्या आठवड्यात चिडचिड, झोपमोड, भूक वाढणे हे सगळे होते, आणि पुढच्या दोन ते चार आठवड्यांत ते उतरत जाते. घरच्यांना याची आधीच कल्पना द्यावी.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. मराठवाड्यात सिगारेट सोडलेले कित्येक जण तंबाखू-चुना मळायला लागतात किंवा गुटख्याकडे वळतात, आणि धूर बंद झाला म्हणून समाधान मानतात. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी तो कुठे मिळतो हे गावात प्रत्येकाला ठाऊक असते. तोंडाच्या कर्करोगाच्या दृष्टीने ही सुटका नाही, केवळ जागा बदलली एवढेच. गालात काही धरायचेच असेल, तर तो गम असू द्यावा.

गम जमलाच नाही तर निकोटीनची पट्टी असते. ती रोज स्वच्छ, केस नसलेल्या त्वचेवर जागा बदलून लावायची असते. दिवसाला दहापेक्षा जास्त सिगारेटी ओढणाऱ्यांना सहसा २१ मिलीग्रॅमपासून सुरुवात करून पुढे १४ आणि ७ वर आणतात. लहान गावांत ती लगेच मिळेलच असे नाही, पण दुकानदार मागवून देतो. व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन ही गोळ्यांची औषधे मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायची असतात. पट्टी आणि गम एकत्र वापरल्यास एकट्या गमपेक्षा यश अधिक मिळते. मात्र ते डॉक्टरांना विचारून करावे. जिल्हा रुग्णालयातील तंबाखूमुक्ती केंद्रात किंवा छत्रपती संभाजीनगर (घाटी रुग्णालय), अंबाजोगाई, लातूर, नांदेड येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत यासाठी जाता येते. जाणे शक्य नसेल, तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मोफत क्रमांकावर फोन करावा. हा क्रमांक सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो. समुपदेशक तुमच्याशी बोलून सोडण्याची तारीख ठरवून देतात आणि पुढेही फोन करून चौकशी करतात.

गमचा पत्ता उन्हाळ्यात मोटारसायकलच्या डिकीत किंवा गाडीच्या काचेजवळ ठेवू नये आणि चघळलेला गम कागदात गुंडाळून मुलांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी टाकावा, कारण उरलेले निकोटीनही लहान मुलाला बाधू शकते. बारा आठवड्यांनंतरही गम सुटत नसेल, तर घाबरून तो एकदम बंद करू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने आणखी काही काळ घेत राहावा आणि दर आठवड्याला दिवसाचा एकेक गम कमी करत जावा.